आबांचे दोन्ही हात

“मोटारीत बसलीस की डोळं मिटून घेत जा,” असं धोंडाबाईंनी सुनेला बजावलं होतं, आणि नंदाने ते हसण्यावारी नेलं होतं.

हसण्यासारखंच होतं ते. धोंडाबाई जन्मभर बैलगाडीत बसलेल्या. सासऱ्यांनी लोणावळ्यात बंगला असलेल्या मुंबईच्या एका पारशाची जुनी मोटार विकत घेतली आणि ती कामशेतच्या घरासमोर उभी राहिली, तेव्हा धोंडाबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि आत बसायची वेळ आली तेव्हा पदर पुढे ओढून जे डोळे मिटले ते खाली उतरेपर्यंत उघडले नाहीत. झाडं मागे पळताना बघून बिचाऱ्यांना गरगरत असेल, असं नंदाला वाटलं. ती स्वतः पुण्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झालेली. मोटारीची भीती तिला नव्हती. मोटार सोडून बाकी सगळ्याची मात्र होती. बजरंग झाल्यापासून पाळण्याची दोरी, दुधाचं पातेलं, चुलीतली ठिणगी, दारातलं मांजर आणि शेजारच्या अंबूबाईंचा खोकला, या सगळ्यांवर तिचा पहारा असे. रात्री पोर झोपलं की ते श्वास घेतंय ना म्हणून नाकाशी बोट धरून बघायची. असल्या बाईला डोळे मिटून बसायला सांगणं म्हणजे कोंबडीला पोहायला सांगण्यासारखंच.

आणि डोळे उघडे होते म्हणूनच तिला ते दिसलं.

बजरंगाला देवीची लस टोचायला लोणावळ्याला न्यायचं होतं. मोटार हाकायला खुद्द आबा. आबा म्हणजे महिपतराव, नंदाचे सासरे, कामशेतात भाताच्या गिरणीचे मालक. सगळं गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून घरातलेही आबाच म्हणत. डोईला लाल पागोटं, अंगात बंद गळ्याचा कोट आणि मिशा अशा की मोटारीच्या पुढच्या दोन दिव्यांशी जोडी जमावी. पवनेच्या बाजूला सर्व्हिस मोटार चालवणाऱ्या नूरमहंमदने त्यांना शिकवलं होतं आणि तो सगळ्यांना सांगे, “आबांच्या मोटारीत बसा, पोटातलं पानी हलायचं न्हाई.” ते खरंही होतं. आबा कधी उगाच पळवायचे नाहीत. वळण आलं की भोंगा वाजवायचे, म्हातारी माणसं दिसली की थांबायचे, गाईला तर आधी वाट द्यायचे आणि मग नमस्कार करायचे.

मेख होती ती त्या नमस्कारात.

पुढच्या जागेवर डॉक्टरांना द्यायचं आंबेमोहोराचं पोतं बसलं होतं, मागे नंदा, तिच्या मांडीवर बजरंग आणि शेजारी डोळे मिटलेल्या धोंडाबाई. गाव संपलं, आंब्याखालचा शेंदराने माखलेला म्हसोबा आला, आणि आबांनी हातातलं चाक सोडलं. एक हात नव्हे, दोन्ही. सावकाश, जसं जेवायला बसताना अंगरखा काढून ठेवावा तसं. मग हात जोडले, डोळे मिटले, पागोटं चाकाला टेकेल इतकी मान वाकवली, ओठांत काही पुटपुटले, दोन्ही कान धरले, दोन्ही गालांवर हलकेच मारून घेतलं, आणि मग मधे काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चाक पुन्हा हातात घेतलं.

मोटार तेवढ्या वेळात आपल्या मर्जीने समोरून येणाऱ्या गवताच्या गाडीकडे निघाली होती. गाडीवानाला डुलकी लागली होती. बैल शहाणे, ते बाजूला झाले.

आपल्याला भास झाला, असं नंदाने स्वतःला पटवलं. ते पटतंय तोवर मारुतीचा पार आला. मग पीर आला. आबा पीरालाही सोडत नसत. देव कुणाचा का असेना, रस्त्यात भेटला की ओळख द्यायची, अशी त्यांची रीत. थोड्या वेळात नंदाच्या लक्षात आलं की नमस्कारांनाही मापं आहेत. म्हसोबाला आखूड, मारुतीला मध्यम, नुसत्या तुळशीवृंदावनाला कामापुरता. आणि मग उजव्या हाताला कार्ल्याचा डोंगर दिसू लागला. त्या डोंगरावर एकवीरा, आणि एकवीरा म्हणजे घरची कुलस्वामिनी. आबा बसल्या जागी कमरेतून वळले. चाकाकडे त्यांची पाठच झाली म्हणा ना! “आई, लेकरावर नजर ठेव गं, पोराला टोचाया नेतुया, ताप येऊ देऊ नगंस,” असं घरच्या माणसाशी बोलावं तसं त्यांचं बोलणं चाललं. मोटार रस्ता ओलांडून पलीकडे गेली, तिथलं भाताचं खाचर जरा न्याहाळलं आणि चाकोरीच्या खोबणीत पुढचं चाक अडकल्यामुळे परत आली.

नंदाने बजरंगाला इतकं घट्ट धरलं की लस टोचण्याआधीच तो रडायला लागला.

“नातू रडतुया,” आबा म्हणाले, आणि त्याला बघायला पूर्ण मागे वळले.

घरी आल्यावर नंदाने सासूला स्वयंपाकघरात गाठलं. “आत्याबाई, तुम्हाला हे माहीत होतं?”

“म्हनून तर म्हनलं, डोळं मिटून बस.” धोंडाबाई भाकरी थापत म्हणाल्या. “मी पैल्याच दिशी एकदा उघडलं हुतं. तवापासनं न्हाई उघडलं.”

“अहो पण, आबांना सांगायचं नाही का?”

“काय सांगू? द्येवाला हात जोडू नगा म्हनू? आन् त्ये पाप कुनाच्या डोई? तू सांग, तू शिकलेली हाईस.”

घरात कुणाला काही नकोसं काम करायचं नसलं की ते शिकलेल्या माणसाकडे येतं, हे नंदाला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

हे सगळं तिने मनातल्या मनात सोसलंही असतं. पण दिवाळी झाली आणि खोपोलीहून नणंदेचा निरोप आला. भाच्याच्या बारशाला आत्याच हवी, आणि नेमकी तीच तेव्हा स्वतः बाळंतीण होती. आता तरी पोराला घेऊन या, मी त्याला अजून पाहिलंही नाही, असं तिने कळवलं होतं. आबांनी तिथल्या तिथे ठरवलं: येत्या रविवारी सगळ्यांनी मोटारीने घाट उतरून खोपोलीला जायचं.

घाट! नंदाच्या डोळ्यांपुढे खंडाळ्याचा घाट उभा राहिला. वळणावर वळण, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि त्या घाटात, अगदी वळणाच्या कुशीत, शिंग्रोबा. घाटाचा धनी तो. त्याला पैसा वाहिल्याशिवाय आणि हात जोडल्याशिवाय कुणी गाडीवान पुढे जात नाही. आबा त्याला आखूड नमस्कार करणार नव्हते, हे सांगायला तर्कशास्त्र लागत नव्हतं.

शनिवारी नवरा घरी आला. सोपान लोणावळ्याला रेल्वेच्या कचेरीत होता आणि आठवड्याने येई. नंदाने त्याला चहाही पूर्ण पिऊ दिला नाही.

“अहो, आबांना तुम्ही सांगा. चाक सोडतात ते.”

सोपान हसला. “अगं, ती जुनी सवय आहे. बैलगाडीतही असंच करायचे. देऊळ आलं की कासरा सोडायचे आणि हात जोडायचे. बैल आपले चालत राहायचे.”

“बैलांना डोळे होते.”

“आणि अक्कलही होती. आमचा हरण्या तर मारुतीपाशी आपणहून थांबायचा.”

“मग मोटारीला आहे का? सांगा ना तुम्ही!”

सोपानने बशीतल्या चहावर बराच वेळ फुंकर घातली. त्याला वडिलांसमोर बसून विडीसुद्धा ओढता येत नव्हती. “मी? आबांना? देवाच्या बाबतीत?” तो म्हणाला. “त्यापेक्षा असं करू. मी पास काढतो, तू आणि बजरंग रेल्वेने या. कर्जतला उतरून...”

ते आबांनी ओसरीवरून ऐकलं. “घरात मोटार असताना माजा नातू आगगाडीनं जानार? लोकं म्हनतील, म्हातारा मोटार काय नुसती पुसाया ठिवतो!”

तो मार्ग तिथेच बंद झाला. मग नंदाने आपल्या परीने सुरुवात केली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती ओसरीच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, “आबा, पोथीत सांगितलंय म्हणे, मनातल्या मनात केलेला नमस्कार सगळ्यांत मोठा.”

“असंल,” आबा म्हणाले. “आज मनातल्या मनात जेव बरं, सूनबाई. पोट भरतंय का बगू.”

“एका हाताने केला तर?”

“एका हातानं? त्यो काय सायेब हाय का, सलाम ठोकाया?”

नंदा आत गेली. दुपारी तिने नूरमहंमदला निरोप धाडला. तो आला, अंगणात उकिडवा बसला, गुळपाणी घेतलं, सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही कानांना हात लावले. “वैनी, समदं खरं हाय. मी शिकीवताना बी बगितलंय. पन इचार करा, मी मुसलमान मानूस. आबांस्नी सांगू की द्येवाला हात जोडू नगा? उद्या बाजारात काय बोभाटा व्हईल? आन् आबा तर आमच्या पीराला बी हात जोडत्यात. त्यो बंद पडला तर आमची मानसं म्हनतील, नूऱ्यानं पीराचा नमस्कार तोडला. दोनी बाजूंनी मीच मरतुय.”

“मग मी काय करू, नूरभाऊ?”

“डोळं मिटून बसा,” नूरमहंमद म्हणाला.

रविवारी सकाळी मोटार निघाली. पुढे आबा आणि त्यांच्या शेजारी सोपान, मागे धोंडाबाई आणि बजरंगाला घेऊन नंदा. लाडवांचा डबा, पोराची झबली, गरम पाण्याची बाटली, उलटी झाली तर म्हणून लिंबू, ताप आला तर म्हणून औषध, आणि मोटार बंद पडली तर म्हणून पोह्यांची पुरचुंडी, एवढं सगळं नंदाने पायाशी रचलं होतं. चाक सुटलं तर काय, याला मात्र तिच्याजवळ काही नव्हतं.

म्हसोबा आला, गेला. मारुतीच्या वेळेला नंदाने एक युक्ती करून पाहिली. पार दिसायच्या आधीच ती मोठ्याने म्हणाली, “आबा, गिरणीचा पट्टा तुटला होता ना, त्याचं काय झालं?” गिरणीची गोष्ट निघाली की आबांना दुसरं सुचत नाही, हे तिला ठाऊक होतं. आबांनी चाक सोडलं, हात जोडले, डोळे मिटले, आणि तशाच अवस्थेत पट्ट्याची सगळी हकिकत सांगू लागले. नमस्कार नेहमीपेक्षा लांबला. पुढच्या देवळाला ती गप्प बसली.

एकवीरेच्या वेळी आबा वळले तेव्हा तिने सोपानच्या पाठीला बोट खुपसलं. सोपान दचकला, सरळ बसला, त्याला वाटलं बायको नमस्कार करायची आठवण करून देतेय, आणि त्यानेही हात जोडले.

लोणावळा गेलं. खंडाळा गेलं. मोटार घाटाला लागली. खाली धुकं होतं आणि त्यातून कुठेतरी आगगाडीची शिटी येत होती. आबा फार सांभाळून हाकत होते. इंजिनाच्या जोरावर मोटार रोखून धरत होते, प्रत्येक वळणाला भोंगा देत होते. डावीकडे डोंगराचा कातळ आणि त्याच्या पायाशी पावसाचं पाणी वाहून न्यायचं गटार. उजवीकडे रस्त्याची कड, आणि कडेपलीकडे काही नाही. नंदाला वाटलं, इतका चांगला हाकणारा माणूस अख्ख्या मावळात नसेल. नुसते हात जागेवर राहिले तर!

“सोप्या, ढब्बू काढ,” आबा म्हणाले. “शिंग्रोबा आला.”

सोपानने खिशातून ढब्बू पैसा काढून दिला. आबांनी तो तळव्यावर घेतला. वळण समोर येत होतं. आणि मग आबांनी, जेवायला बसताना अंगरखा काढून ठेवावा तसं, सावकाश चाक सोडलं. पैसा दोन तळव्यांच्या मधे धरला, हात जोडले, डोळे मिटले. शेजारी सोपाननेही जोडले, वडील जोडतात म्हटल्यावर त्याला दुसरं काही सुचलंच नाही. पुढच्या बाकावर दोन माणसं, चार हात, आणि चारही देवाकडे.

मोटार सरळ निघाली. रस्ता डावीकडे वळला होता, मोटार नाही.

नंदाने बजरंगाला उचललं आणि धाडकन सासूच्या मांडीवर टाकलं. धोंडाबाईंचे डोळे उघडले. त्यांना दिसलं ते असं: धनी डोळे मिटून, लेक डोळे मिटून, काचेपुढे नुसतं आभाळ, आणि त्या दोघांच्या मधून कमरेपर्यंत पुढे झुकलेली सून, तिचा बांगड्यांनी भरलेला हात मोटारीच्या चाकावर. धोंडाबाईंनी जी किंकाळी फोडली ती खाली खोपोलीत ऐकू गेली असेल. आबांचा पाय आपसूक ब्रेकवर दाबला गेला. नंदाने चाक डावीकडे ओढलं, डोंगराकडे. मोटार फरफटली, खरडली, तिचं पुढचं चाक गटारात गेलं, आणि एक मोठा उसासा सोडून ती तिरकी होऊन उभी राहिली.

बजरंग तेवढा हसला. त्याला ते आवडलं होतं.

सगळे उतरले. आबांनी आधी नातवाला हातात घेऊन वरून खालून पाहिलं. मग चेपलेलं मडगार्ड पाहिलं, फुटलेला दिवा पाहिला. मग कडेपाशी जाऊन दरी पाहिली, आणि जरा वेळ तिथेच उभे राहिले. परत आले. “शिंग्रोबानं वाचीवलं,” ते म्हणाले.

“व्हय, आबा,” सोपान म्हणाला.

नंदाचा पदर खांद्यावर आला होता, तो डोक्यावर घ्यायचंही तिला भान राहिलं नाही. “आबा, चाक मी धरलं होतं.”

हे शब्द आपल्याच तोंडून आले याचं तिलाच नवल वाटलं. सोपानने डोंगराकडे तोंड फिरवलं. आबांनी सुनेकडे पाहिलं, रागावून नाही, समजावणीच्या सुरात विचारलं, “बरं. मंग चाक धरायची बुद्धी तुला कुनी दिली?”

कॉलेजात पहिल्या वर्गात मिळवलेलं सगळं तर्कशास्त्र नंदाने चाचपून पाहिलं. या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हतं.

तेव्हा धोंडाबाई बोलल्या. मोटार घेतल्यापासून मोटारीबद्दल त्या धन्यापुढे पहिल्यांदाच बोलत होत्या. “अवं, बैलांचा कासरा सोडून हात जोडत हुता, तवा मी कवा बोलले न्हाई. बैल घरचं. त्यांस्नी वाट ठावी, गाव ठावं, द्येव ठावं. हिला काय ठावं हाय? हिचा पैला मालक ममईचा पारशी. तुमी चाक सोडलं की ही आपली सरळ ममईकडं निगाली!”

आबा मोटारीकडे बघत राहिले. देवाबद्दल कुणी काही बोललं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. पण जनावर परक्या गोठ्यातलं असलं की ते पहिल्या दावणीकडे ओढतं, हे तर रोजचं ज्ञान. मोटारीचं तोंड खरोखरच मुंबईच्या दिशेला होतं.

“हे खरं,” ते म्हणाले. “ह्ये माज्या ध्यानात आलं न्हाई.” मग त्यांचा चेहरा पडला. “पन मंग द्येवाला काय सांगू? महिपती मोटारवाला झाला, आता हात जोडत न्हाई?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं नंदाने पाहिलं. इतके दिवस तिला तो नुसता हट्ट वाटत होता. म्हाताऱ्याला दरीची भीती नव्हती, देवांशी ओळख तुटायची भीती होती. तिचा आवाज खाली आला. पदर डोक्यावर घेऊन ती म्हणाली, “आबा, एक विचारू? घरात पूजा असली की आत्याबाई तुमच्या हाताला हात लावून बसतात. तो कशासाठी?”

“कशासाटी म्हंजे? मी पूजा करायची, तिचा हात लागला की निम्मं पुन्य तिचं. तशी रीतच हाय.”

“मग आत्याबाईंनी हात जोडले आणि त्यांचा हात तुम्हाला लागला, तर?”

आबांनी मिशी ओढली. उजवी, मग डावी. “तर निम्मं माजं,” ते हळूच म्हणाले. मग एकदम हुशारले. “पन दोनी हात जोडलं तर ती मला लावनार काय?”

“कोपर,” धोंडाबाई म्हणाल्या.

“कोपर चालतं?”

“न चालाया काय झालं? कोपर काय शेजारनीचं हाय?”

घाटात रस्त्याचं काम करणारी माणसं वर होती, त्यांना सोपानने बोलावून आणलं. सगळ्यांनी मिळून मोटार गटारातून काढली. मग जागा बदलल्या. सोपान मागे आला आणि बजरंग त्याच्या मांडीवर. धोंडाबाई पुढे बसायला मात्र काही केल्या तयार होईनात. धन्याच्या बरोबरीने, दिवसाढवळ्या, चारचौघांदेखत? “लगीन लागल्यावानी दिसंल!” त्या लाजून लाजून लाल झाल्या. काम करणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, “बसा मावशी, अक्षता आमी टाकतो.” तेव्हा कुठे त्या बसल्या.

शिंग्रोबा आला. धोंडाबाईंनी हात जोडले, डोळे उघडे ठेवले आणि कोपर आबांच्या दंडाला असं टेकवलं की कोटाला घडी पडली. आबांनी चाक दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. बोटं पांढरी पडली होती, मान नुसती आतल्या आत वाकत होती. पैसा मागून सोपानने टाकला. वळण आलं, मोटार रस्त्याबरोबर वळली आणि नंदाने कितीतरी दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

खोपोलीला आत्याने भाच्याला जवळ घेतलं आणि मडगार्डाला काय झालं ते विचारलं. “पुन्य सांडलं,” आबा म्हणाले, आणि विषय मिटवला.

त्या दिवसापासून धोंडाबाई पुढेच बसतात. डोळे उघडल्यामुळे त्यांना आता आबांच्या नजरेतून सुटलेले देवही दिसू लागलेत. “अवं, त्या वडाखाली कोन हाय? पुन्यांदा जाताना बगू,” असं त्यांचं चालू असतं. नमस्कार दुप्पट झाले, पण सगळे एकाच खात्यातून. आणि नमस्कारांच्या मधे त्यांची नजर रस्त्यावर असते. “पुढं बगा!” “गाय!” “भोंगा वाजवा की!” आबा कुरकुरतात, “गावात एक, मोटारीत एक, दोन गिरन्या झाल्या,” पण हात हलवत नाहीत.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण आबांना गिरणीच्या कामासाठी कधी लोणावळ्याला, कधी तळेगावला एकट्याला जावं लागतं. त्या दिवशी धोंडाबाईंचं कोपर घरी असतं. त्यावरही तोड निघाली. बायको हजर नसली की पूजेला बसणारा कमरेला सुपारी खोचतो, तशी आबांनी खोचायची. सुपारी मोटारीत आणि हात जोडायला धोंडाबाई घरी. आबा निघाले की त्या ओसरीवर बसतात आणि अदमासाने सुरू करतात. “आता मारुती आला असंल,” हात जोडतात. “आता एकवीरा,” पुन्हा जोडतात, आणि कार्ल्याच्या दिशेला वळून घरच्या गोष्टी सांगतात. ओसरी कुठे जात नाही, त्यामुळे यात धोका काही नाही.

नंदाची चिंता वेगळीच आहे. पुण्य सुपारीतून पोचतं की नाही, ते देव बघून घेईल. पण सुपारीला कोपर नाही आणि तोंडही नाही. “पुढं बगा” असं ती म्हणत नाही. शिवाय आबांना पानाचं व्यसन. परवा ते तळेगावहून परतले तेव्हा कमरेला सुपारी नव्हती, तोंड मात्र रंगलेलं होतं. नंदाने विचारलं तर म्हणाले, “वाटंत संपली.” मग परतीच्या वाटेवर हात कुठे होते, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सुनेने तरी ते कितीदा विचारायचं?

म्हणून तिचं तुमच्याकडे एक काम आहे. तळेगाव, कामशेत, लोणावळा या रस्त्याने तुमचं येणंजाणं असेल, आणि काळी मोटार, खाकी टप, लाल पागोटं असं काही समोरून आलं, तर आधी तुम्ही बाजूला व्हा. मग काचेतून नीट बघा. शेजारची जागा रिकामी असेल तर आबांचे दोन्ही हात कुठे आहेत ते बघा. चाकावर असतील तर ठीक आहे, तुम्ही तुमच्या कामाला लागा. जोडलेले दिसले तर भोंगा वाजवू नका, त्यांना ती देवळातली घंटा वाटेल. सरळ हाक मारा, “आबा, धोंडाबाईंनी घरी जोडलेत!” आणि थांबलेच, तर सुपारी कमरेला आहे का खाल्ली, तेवढं विचारा, आणि कामशेतात गिरणीवर कळवा. नंदा दारातच उभी असेल.